थांबण्याच्या ऋतूत धावताना

आषाढ शुद्ध चतुर्दशीची संध्याकाळ. मावळातील खाचरांत भाताची लावणी सुरू झालेली असते, डोंगरमाथे ढगांत बुडालेले असतात आणि पागोळ्यांचा आवाज दिवसभर थांबलेला नसतो. चौमासी प्रतिक्रमण आटोपून मंडळी घरी येतात आणि चार महिन्यांच्या नियमांची वही उघडली जाते. कोणी चोविहार धरते, कोणी हिरवी भाजी सोडते, कोणी रोज एका सामायिकाचा नियम घेते. अशा एखाद्या घरात आज आणखी एक कागद भिंतीवर लागलेला दिसू शकतो. तो असतो सुनेने तयार केलेला अर्धमॅरेथॉनच्या सरावाचा तक्ता.

सासूबाई तो वाचतात आणि विचारतात, "अगं, महाराजसाहेबसुद्धा या चार महिन्यांत विहार करत नाहीत. आणि तू पावसात धावणार? पायाखालच्या जिवांचं काय?"

सून म्हणते, "आई, रक्तातली साखर काठावर आली आहे. रोज अंगमेहनत करा, असं डॉक्टरांनी बजावलंय. चार महिने घरात बसले तर ती काठावर थांबणार आहे का?"

दोघींचेही खरे आहे. म्हणूनच हा वाद 'जुने विरुद्ध नवे' म्हणून झटकून टाकण्यासारखा नाही. पावसाळा हा जैन परंपरेत थांबण्याचा ऋतू आहे. वर्षअखेरीच्या शर्यतींसाठी धावणाऱ्यांच्या दृष्टीने मात्र हाच पायाभरणीचा काळ असतो. या दोहोंचा मेळ कसा घालावा आणि जिथे मेळ बसत नाही तिथे कोणी माघार घ्यावी, हा खरा प्रश्न आहे.

डोंगरातले थांबणे

या प्रश्नाचा विचार करण्यास मावळाइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल. कामशेतपासून फार दूर नसलेल्या पाले गावाजवळच्या डोंगरात एक लहानसे लेणे आहे. त्यात ब्राह्मी लिपीतील एक लेख कोरलेला असून त्याचा आरंभ अरिहंतांना केलेल्या वंदनाने होतो. इंद्ररक्षित नावाच्या दात्याने हे लेणे आणि पाण्याचे टाके करविले, असे तो लेख सांगतो. हसमुख सांकलिया आणि शोभना गोखले यांनी त्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. इसवी सनपूर्व पहिल्या शतकाच्या आसपासचा हा लेख महाराष्ट्रातील जैन धर्माच्या सर्वांत जुन्या पुराव्यांपैकी एक मानला जातो. अलीकडच्या वर्षांत लोहगडाच्या डोंगरातील लेण्यातही त्याच धर्तीचा लेख अभ्यासकांना आढळला आहे.

डोक्यावर दगडाचे छत आणि हाताशी पाण्याचे टाके, एवढ्यावर विरक्त माणसाचा पावसाळा निभावतो. आठ महिने चालणारे साधू चार महिने एका जागी राहतात, ते पावसाच्या भीतीने नव्हे. पहिल्या सरीबरोबर भूमी सजीव होते. अंकुर फुटतात, किडे-मुंग्या बाहेर पडतात, दगडादगडावर शेवाळ धरते. अशा भूमीवर पाऊल टाकणे म्हणजे असंख्य जिवांना पीडा देणे. म्हणून थांबायचे. ही करुणा आहे. तिला आळस म्हणता येणार नाही.

उरलेल्या आठ महिन्यांत हेच साधु-साध्वीजी किती चालतात, याचाही विचार करावा. मुंबई-पुणे जुन्या महामार्गावर, खंडाळ्याच्या घाटात, पहाटेच्या उजेडात अनवाणी निघालेला श्वेतवस्त्रांचा समुदाय अनेकांनी पाहिला असेल. विहारात दिवसाला पंधरा-वीस किलोमीटर चालणे ही नवलाईची गोष्ट नसते. अर्धमॅरेथॉनचे अंतर २१.०९७५ किलोमीटर. ज्या अंतरासाठी आपण बूट, घड्याळ आणि पदक यांची तजवीज करतो, जवळपास तेवढे अंतर एखादी वयोवृद्ध साध्वी आपली उपकरणे अंगावर घेऊन निमूटपणे पार करते. चालण्याला जैन परंपरेचा विरोध कधीच नव्हता. विरोध आहे तो न पाहता, न विचार करता चालण्याला.

मावळचा पाऊस आणि त्याचे दोन स्वभाव

लोणावळा समुद्रसपाटीपासून सुमारे सव्वासहाशे मीटर उंचीवर, ऐन घाटमाथ्यावर वसलेले आहे. अरबी समुद्रावरून आलेले ढग सह्याद्रीच्या कड्याला धडकून वर चढतात, थंड होतात आणि येथेच रिते होतात. वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या पुढे जाणारा पाऊस येथे नित्याचा आहे. रेल्वेने पूर्वेकडे मळवली, कामशेत, कान्हे, वडगाव, तळेगाव असे एकेक स्थानक मागे पडू लागले की पाऊसही मागे पडत जातो. पुण्यात तो हजारांच्याही खाली येतो. धावणाऱ्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. लोणावळ्यात कोसळत असताना तळेगावात अनेकदा रिमझिम असते. तेव्हा हट्टाने घाटमाथ्यावर भिजण्यापेक्षा लोकलने अर्धा-पाऊण तास पूर्वेला जाणे शहाणपणाचे ठरते.

या हवेचा एक स्वभाव धावणाऱ्याला अनुकूल आहे. श्रावणात येथे ऊन नसते, तापमान विशीच्या आगेमागे राहते आणि शरीर फारसे तापत नाही. मे महिन्यात दमवणारे अंतर जुलैत सहज पार होते.

दुसरा स्वभाव मात्र घातक आहे. पाणी हवेच्या सुमारे पंचवीसपट वेगाने शरीरातील उष्णता ओढून घेते. धावत असेपर्यंत ते जाणवत नाही. थांबल्यावर, त्यातही टायगर पॉइंटसारख्या उघड्या कड्यावर वारा लागला की हुडहुडी भरते. बोटे बधिर होणे, बोलताना जीभ अडखळणे, उगाच चिडचिड होणे ही शरीर गार पडत असल्याची लक्षणे होत. अशा वेळी पुढचे किलोमीटर मोजू नयेत. आडोसा गाठावा, ओले कपडे उतरवावेत, कोरडे घालावेत आणि गरम पेय घ्यावे. सुती बनियन पाणी धरून ठेवते, म्हणून लवकर वाळणारे कृत्रिम धाग्याचे कपडे बरे. टोपीची झाप डोळ्यांवरचे पाणी अडवते. कपडे भडक रंगाचे असावेत, कारण धुक्यात वाहनचालकाला पांढरा आणि करडा दिसतच नाही. मांड्या आणि काखा घासून सोलवटू नयेत म्हणून आधी व्हॅसलीन लावावे. घरी येताच पाय धुऊन बोटांच्या बेचक्यांपर्यंत कोरडे करावेत, नाहीतर चिखल्या होतात आणि दोन-तीन आठवड्यांचा सराव बुडतो. बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ठेवले की सकाळपर्यंत ओल बरीचशी निघून जाते.

त्याहून मोठा धोका माणसांच्या गर्दीचा आणि वाहत्या पाण्याचा आहे. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणाच्या वरच्या अंगाच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीसह कोसळून चार जणांचे प्राण गेले. दोन्ही दिवस रविवारचे होते. तेव्हा पावसाळी रविवारी धबधब्यांचे आणि धरणांचे रस्ते धावण्यासाठी वर्ज्य समजावेत. साकवावरून पाणी जात असेल तर मागे फिरावे, मग अंतर अपुरे राहिले तरी चालेल. द्रुतगती मार्गावर पादचाऱ्यांना मुळातच बंदी आहे. जुन्या महामार्गावर धावायचे तर पूर्ण उजाडल्यावर आणि समोरून येणारी वाहने दिसतील अशा उजव्या कडेने धावावे.

अँटवर्पचा गार दिवस

थंड, ओल्या हवेत मराठी मुलखाच्या सीमेवरील एका तरुणाने जे करून दाखवले, त्याची आठवण येथे अस्थानी ठरू नये. बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या स्पर्धांतून पुढे आले. जिमखान्याचे तेव्हाचे अध्यक्ष सर दोराबजी टाटा यांनी तेथे अनवाणी धावणारी, फारसे प्रशिक्षण नसलेली मुले पाहिली. त्यांच्या वेळा युरोपातील धावपटूंच्या जवळपास जातात हे पाहून ते चकित झाले आणि त्यांनी पुढाकार घेऊन १९२०च्या ऑलिंपिकसाठी भारतीय चमू पाठविला.

२२ ऑगस्ट १९२० रोजी अँटवर्पमध्ये मॅरेथॉन झाली, तेव्हा हवा गार आणि पावसाळी होती. अंतरही नेहमीच्या ४२.१९५ किलोमीटरांऐवजी ४२.७५ किलोमीटर होते. फिनलंडचे हानेस कोलेहमाइनेन पहिले आले. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत शर्यत पूर्ण करून एकोणिसावे आले. त्यांना पदक मिळाले नाही, तरी परक्या देशात, अनोळखी थंडीत त्यांनी अंतर पुरे केले. अर्धमॅरेथॉनला प्रथमच उतरणाऱ्या गृहस्थाने किंवा गृहिणीने आदर्श ठेवायचा तर क्रमांकाचा न ठेवता या पुरे करण्याचा ठेवावा.

सार्थ काय, निरर्थक काय

आता सासूबाईंच्या प्रश्नाकडे वळू. श्रावकाच्या बारा व्रतांत साधूसारखा संपूर्ण निषेध नाही, मर्यादा आहे. दिशांच्या परिमाणाचे व्रत सांगते की किती दूर जायचे ते आधी ठरव. अनर्थदंडविरमण व्रत सांगते की प्रयोजनाविना हिंसा करू नकोस. उगाच माती उकरणे, पाणी उडवणे, झाडाची पाने तोडत चालणे हा प्रमाद होय. प्रकृतीसाठी, रोग टाळण्यासाठी नियमित व्यायाम करणे हे प्रयोजन आहे. मात्र प्रयोजन आहे एवढ्यावर सगळे माफ होत नाही. तोच व्यायाम कमीत कमी हिंसेने कसा होईल, हे पाहणे म्हणजे जयणा.

जयणेचे नियम आणि पावसातील सुरक्षेचे नियम किती ठिकाणी एक होतात, हे पाहण्यासारखे आहे. ईर्यासमितीत साडेतीन-चार हात पुढची भूमी पाहून पाऊल टाकावे असे सांगितले आहे. ओल्या रस्त्यावर धावणाऱ्यालाही नजर तिथेच ठेवावी लागते, नाहीतर खड्डा दिसत नाही. धावताना वेग अधिक म्हणून नजर आणखी थोडी पुढे असावी, एवढाच फरक. शेवाळ अनंतकाय, म्हणून त्यावर पाय देऊ नये असे शास्त्र सांगते. आणि मावळात पावसाळ्यात घसरून हातपाय मोडतात ते बहुधा शेवाळावरच. गवताच्या पायवाटा, बांध आणि चिखल यांत गांडुळे, गोगलगाई, बेडकांची पिल्ले, खेकडे असतात, म्हणून त्या वाटा टाळून डांबरी रस्त्याचा मधला कोरडा भाग धरावा. घोटाही तिथेच सुरक्षित राहतो. अंधारात निघू नये, हे दोन्हीकडे सारखेच. डबक्यात मुद्दाम पाय आपटण्याची हौस तर दोन्ही दृष्टींनी वर्ज्य, कारण अप्कायाची विराधना होते आणि पायाला जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिससारखा आजार जडू शकतो.

संततधार लागली असेल तर त्या दिवशी बाहेर पडूच नये. घरातील जिना, सूर्यनमस्कार, पोटरी आणि मांडीचे व्यायाम यांवर दिवस भागतो. १९२४मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यातच कैवल्यधाम स्थापन करून आसन-प्राणायामाचा प्रयोगशाळेत अभ्यास सुरू केला. श्वासावर ताबा मिळवण्यासाठी रस्ता लागतोच असे नाही, हे या गावाने शंभर वर्षांपूर्वीच ओळखले आहे. अशा दिवशी वाचलेला तास सामायिकाला दिला तर अठ्ठेचाळीस मिनिटांचे स्थिर बसणे हाही एक सरावच ठरतो.

पाणी आणि शिदोरी

चोविहार आणि नवकारशी पाळणाऱ्यासमोर पहिली अडचण पाण्याची. जुलैत मावळात सूर्य सायंकाळी सव्वासातच्या सुमारास मावळतो आणि सकाळी सहानंतर उगवतो. त्यापुढे अठ्ठेचाळीस मिनिटांनी नवकारशी. म्हणजे जवळपास बारा तास पाण्याचा थेंबही नाही. अशा स्थितीत पहाटे पाचला उठून पंधरा किलोमीटर धावणे अयोग्य. छोटी धाव नवकारशीपूर्वी चालेल. लांबची मात्र नवकारशीनंतर पाणी आणि थोडे अन्न घेऊन, सातच्या पुढेच काढावी. इतर ऋतूंत उशिरा निघाले की ऊन चढते. पावसाळ्यात ती चिंता नाही. ढग येथे आपल्या नियमाला सांभाळून घेतात.

थंड हवेत तहान लागत नाही, पण घाम जातच असतो. उकाळलेले पाणी पावसाळ्यात तीन प्रहर अचित्त राहते. हिवाळ्यात ही मर्यादा चार आणि उन्हाळ्यात पाच प्रहरांची. सकाळी उकाळून स्टीलच्या बाटलीत भरलेले पाणी दोन-अडीच तासांच्या धावेला निर्वेध पुरते. त्यात चिमूटभर मीठ, थोडी साखर आणि लिंबू घातले की बाजारच्या पेयाची गरज उरत नाही.

शिदोरीचा प्रश्न अधिक नाजूक आहे. धावणाऱ्यांना सर्रास सुचवले जाणारे बटाटे आणि रताळी कंदमुळांत मोडतात. खजूर अनेक घरांत फाल्गुन चौमासीपासूनच बंद होतो आणि सुका मेवा आषाढापासून. तयार जेल आणि वड्यांत जिलेटिन किंवा मध असू शकतो, म्हणून वेष्टन वाचल्याशिवाय ते घेऊ नयेत. पण आपल्या स्वयंपाकघराला काय कमी? वडगाव मावळच्या संशोधन केंद्रात विकसित झालेल्या इंद्रायणी तांदळाची मुगाच्या डाळीबरोबर केलेली मऊ खिचडी ही लांब धावेच्या आदल्या दिवशी सूर्यास्तापूर्वी घ्यायला उत्तम. सकाळी खाखरा आणि गूळ, किंवा साळीच्या लाह्या आणि दूध. धावून आल्यावर मुगाचे पुडे किंवा नाचणीची भाकरी, आणि अंगात ऊब यावी म्हणून सुंठ-गुळाचे गरम पाणी. आले वर्ज्य असले तरी सुंठ चालते, ही सोय पूर्वजांनी जणू घाटमाथ्याच्या पावसासाठीच करून ठेवली असावी.

तप आणि तयारी

इथवर दोन्ही बाजूंचा मेळ बसतो. तो तुटतो पर्युषणात. साताऱ्याची प्रसिद्ध हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वरच्या घाटातून जाते. ती पावसाळा सरता सरता, साधारण पर्युषणाच्या आगेमागे येते. नाव नोंदवलेले, शुल्क भरलेले, मित्रमंडळी निघालेली. आणि त्याच आठवड्यात घरात अठ्ठाई सुरू. अशा वेळी काही जण दोन्ही साधू पाहतात. उपवासाच्या चौथ्या दिवशी 'हलकेच' आठ किलोमीटर धावतात किंवा पारण्यानंतर तिसऱ्या दिवशी शर्यतीला उभे राहतात. हे साहस नव्हे, अविचार होय. उपवासात शरीरातील साखरेचा साठा पहिल्या दिवसातच संपत येतो, क्षारांचा तोल नाजूक होतो आणि चक्कर घाटातल्या उतारावर आली तर सांभाळायला कोणी नसते. पारण्यानंतरही पहिले काही दिवस मुगाचे पाणी, पातळ आहार आणि केवळ चालणे. धावणे आठवडाभराने आणि तेही थोडके. मधुमेहाच्या काठावर असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी तप आणि धावणे दोन्हींआधी डॉक्टरांशी बोलावे.

तेव्हा माघार कोणी घ्यायची? तारीख बदलता येते ती शर्यतीची. पर्व तिथीचे असते, ते आपल्यासाठी थांबत नाही. पुण्याची आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली आणि डिसेंबरचा पहिला रविवार हा तिचा परंपरेचा दिवस. संवत्सरीपासून त्या रविवारापर्यंत मोजले तर वर्षानुसार साधारण अकरा ते चौदा आठवडे मिळतात. अर्धमॅरेथॉनची नेटकी तयारी एवढ्याच काळात होते. पंचांगच जणू सरावाचा तक्ता आखून देते. आषाढ-श्रावणात आठवड्यातून तीन-चार दिवस सावकाश, पाच ते आठ किलोमीटरांच्या धावा. पर्युषणात किंवा दशलक्षण पर्वात पूर्ण विश्रांती. त्यानंतर दर आठवड्याला लांब धाव एकेक किलोमीटरने वाढवणे. आश्विनातील आयंबिल ओळी करणाऱ्यांनी त्या नऊ दिवसांत पुन्हा वेग आणि अंतर उतरवणे. कार्तिकात सतरा-अठरा किलोमीटरांपर्यंत मजल. शर्यतीपूर्वीचे दोन आठवडे पुन्हा हलके. लोणावळ्याहून जुन्या रस्त्याने कान्ह्यापर्यंत जाता आले, की समजावे, तयारी झाली.

भिंतीवरचा तो तक्ता आता बदललेला असतो. सासूबाईंच्या सूचनेवरून त्यात पर्वतिथी लाल शाईने लिहिलेल्या असतात आणि पर्युषणाचे आठ दिवस कोरे सोडलेले असतात. सुनेने कोपऱ्यात स्वतःसाठी एक ओळ जोडलेली असते: रविवारी धरणाकडे जायचे नाही, शेवाळावर पाय द्यायचा नाही, धार लागली तर घरीच. संवत्सरीच्या संध्याकाळी जाणता-अजाणता पायाखाली आलेल्या जिवांसाठीही 'मिच्छामि दुक्कडम्' म्हटले जाते. ते म्हणताना सुनेच्या डोळ्यांसमोर वळवणच्या रस्त्यावरची एक गोगलगाय असते. त्या दिवशी ती थांबली होती, वाकून गोगलगाय रस्त्याकडेच्या गवतात अलगद ठेवली होती आणि घड्याळातली काही सेकंदे वाया गेली होती.

त्या सेकंदांचा हिशेब शर्यतीत कोणी विचारणार नाही. घरी मात्र सासूबाईंनी तो विचारला, ऐकला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाण्याची बाटली स्वतःच भरून ठेवली.